मुकुट कोणी उतरवत नाही

(दृश्य: रविवारची सकाळ, नागपूरच्या धरमपेठेतला एक फ्लॅट. टेबलावर हाताने काढलेला नकाशा, वीस बाजूंचा फासा, तर्री-पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा.)

गोष्टीतलं पात्र बनून खेळायच्या या खेळात राक्षसाच्या गुहेत एक मुकुट सापडतो. तो डोक्यावर असला की फासा कसाही पडो, जिंकणार तुम्हीच. फक्त दर वेळी तुमच्या एका सोबत्याचं बळ घटतं. मुकुट केव्हाही उतरवता येतो, त्याला ना मंत्र लागतो ना तलवार. टेबलाभोवतीचे सगळे आता वैतागलेत. "दे ना बे तो मुकुट!" मुकुटवाला म्हणतो, "थांब ना बे, तुम्हालेच वाचवून राहिलो."

गोम इथेच आहे. सत्ता लोभी माणसाला बिघडवते, यात नवल कसलं? तो आधीच बिघडलेला असतो. अद्भुत साहसकथेला खरा रंग चढतो तो भला माणूस सत्तेच्या हाती सापडल्यावर.

(दृश्य: पुस्तकाची पानं उलटणारा हात.)

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे टॉल्किन यांचं पुस्तक १९५४ ते १९५५ या काळात तीन खंडांत आलं. त्यातला म्हातारा बिल्बो गाव सोडून निघतो. जादूची अंगठी दत्तक वारसासाठी, फ्रोडोसाठी, लिफाफ्यात घालून ठेवली आहे असं सांगतो. आणि ती निघते त्याच्याच खिशात! जादूगार गँडाल्फने दरडावल्यावर कुठे ती सुटते. पुढे फ्रोडो तीच अंगठी गँडाल्फला देऊ करतो, तेव्हा तो घाबरून नकार देतो. त्याला भीती असते ती स्वतःच्या दयेची. दुबळ्यांचं भलं करायला ताकद हवी, या वाटेनेच अंगठी आपल्यात शिरेल, हे त्याने ओळखलेलं असतं.

आपल्याकडे महाभारतात नहुष आहे. इंद्र दडून बसला, तेव्हा देवांनी आणि ऋषींनी याला, एका चांगल्या राजाला, आग्रह करून स्वर्गाच्या गादीवर बसवलं. वर दिला तोही कसा, तर ज्याच्याकडे पाहील त्याचं तेज याला मिळेल. मग नजर इंद्राच्या राणीवर गेली, ऋषी पालखीला जुंपले गेले आणि अगस्त्यांच्या डोक्याला लाथ बसली. नहुषाचा अजगर झाला. वर देणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारल्याचं आठवत नाही.

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या, मग सीताबर्डीचा किल्ला.)

नागपूरला यासाठी स्वर्गात जावं लागत नाही. १८१६ साली इथले राजे दुसरे रघूजी भोसले वारले. मुलगा परसोजी आजारी, दुबळा. कारभार सांभाळायला आला चुलतभाऊ आप्पासाहेब. स्वतःची जागा पक्की करायला त्याने इंग्रजांशी तह केला, त्यांची फौज मान्य केली. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. तो खून होता आणि तो आप्पासाहेबाने करवला, असं पुढे उघड झालं. गादी मिळाली, पण तहाचा फास गळ्यातच होता. त्याच नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर त्याची फौज त्याच इंग्रजांशी लढली आणि हरली.

गंमत अशी की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारी काळी मारबत, म्हणजे वाईटाचा पुतळा, लोक जोडतात ती बाकाबाईशी, रघूजींच्या राणीशी. ती इंग्रजांना मिळाली, म्हणून. आधी तह करणाऱ्या आप्पासाहेबाची मारबत निघत नाही. शेवटी लढला, एवढ्यावर त्याला बरंच माफ झालेलं दिसतं.

(दृश्य: मिरवणूक, गर्दीतून आरोळी: "घेऊन जा गे मारबत!")

मारबत गावाबाहेर नेऊन जाळता येते. अंगठीचं तसं नाही. टॉल्किनची नक्कल करणारे पुष्कळ झाले. बहुतेकांचा नायक ऐन वेळी मनाचा हिय्या करतो आणि जिंकतो. फ्रोडो अंगठी आगीत टाकायला एवढा जीव काढून ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि म्हणतो, अंगठी माझी आहे. बोटात घालतोसुद्धा. तिच्यापायी पार झिजलेला गॉलम झडप घालतो, ते बोटच चावून तोडतो, आनंदाने नाचता नाचता तोल जातो आणि अंगठीसकट खाली आगीत पडतो.