दात पांढरे करणे कितपत सुरक्षित आहे?

नमस्कार. लग्नसराई जवळ आली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: "डॉक्टर, साखरपुडा दहा दिवसांवर आलाय, तेवढ्यात दात पांढरे होतील का? आणि त्याने दात खराब तर होणार नाहीत ना?" यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. दंतवैद्याने तपासून, योग्य तीव्रतेचे जेल वापरून केलेले ब्लीचिंग निरोगी दातांसाठी सुरक्षित आहे. या वाक्यातला "तपासून" हा शब्द मात्र कोणीही वगळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझ्या हातात ही दातांच्या छटांची पट्टी आहे. नीट पाहिलेत तर लक्षात येईल की हिच्यातली सर्वांत फिकट छटासुद्धा कागदासारखी पांढरी नाही. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असते आणि त्याच्या आतला डेंटीनचा थर मुळातच पिवळसर असतो. तोच रंग बाहेर दिसतो. वयाबरोबर इनॅमल झिजून पातळ होते आणि डेंटीन जाड होत जाते, त्यामुळे पन्नाशीतले दात विशीतल्या दातांपेक्षा पिवळे दिसणे अगदी स्वाभाविक आहे.

पण सगळा पिवळेपणा असा नसतो. चहाचा, तंबाखूचा किंवा मशेरीचा थर दाताच्या वर बसलेला असतो, आणि तो पुष्कळदा केवळ स्केलिंगने, म्हणजे दातांच्या साफसफाईनेच, निघून जातो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरीही घरी तंबाखू भाजून केलेली मशेरी लावणाऱ्या स्त्रिया आजही आमच्याकडे येतात. अशा वेळी दातांच्या रंगाआधी आम्ही गालाच्या आतली बाजू आणि जीभ पाहतो, कारण तिथे एखादा पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर त्याची तपासणी अधिक तातडीची असते.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या विहिरींत आणि बोअरवेलमध्ये फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. पर्यायी स्रोत नसला तरी पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असू नये, असे भारतीय मानक सांगते. लहानपणी दात घडत असताना असे पाणी पोटात गेले, की इनॅमलमध्येच खडूसारखे किंवा तपकिरी डाग तयार होतात. हे डाग घासून निघत नाहीत. ब्लीचिंगने आजूबाजूचा दात उजळून ते थोडे कमी उठून दिसू शकतात, परंतु पूर्ण जातीलच असे कोणी आश्वासन देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आणि बाकी दात ठीक असताना एकच दात करडा पडला असेल, तर लहानपणी पडल्याझडल्याने त्याची नस मेलेली असू शकते. त्याचा एक्स-रे काढावा लागतो, रूट कॅनॉल करावे लागते आणि मग आतून ब्लीचिंग करता येते. वरून जेल लावत राहिल्यास आतला संसर्ग तसाच राहतो.

आता ब्लीचिंग नेमके काय करते ते पाहू. जेलमधले हायड्रोजन पेरॉक्साइड इनॅमलमधून आत झिरपते आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे विघटन करते. ते काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंतही पोहोचते, आणि म्हणूनच ब्लीचिंगनंतर थंड पाण्याने कळ येते. ही कळ बहुधा काही दिवसांत थांबते. मात्र किडलेला दात, तडा किंवा हिरडी सरकून उघडे पडलेले मूळ असेल, तर तिथे औषध थेट आत शिरते आणि त्रास फार वाढतो. तपासणीचा आग्रह धरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

घरी वापरण्याच्या ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्यामध्ये, १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचे जेल भरतात, ज्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे आणि मला स्वतःला तीच सर्वांत भरवशाची वाटते. दवाखान्यात एका बैठकीत वापरले जाणारे जेल ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत तीव्र असू शकते, आणि ते हिरडीला लागले तर भाजते, म्हणून आधी हिरड्या झाकून घ्याव्या लागतात. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादने केवळ दंतवैद्यांनाच विकली जातात, आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरता येत नाहीत. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर तीव्रताच लिहिलेली नसेल, तर ते तोंडात घालू नका.

घरगुती उपाय निरुपद्रवी असतात, हा समज मला अधिक काळजीत टाकतो. पीएच हे आम्लता मोजण्याचे माप आहे; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, आणि लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते अडीचच्या आसपास असतो. लिंबाने मऊ झालेल्या दातावर खरखरीत कोळशाची पूड घासली, की कवच झिजून आतले पिवळे डेंटीन आणखी दिसू लागते. इनॅमल पुन्हा उगवत नाही.

गर्भवती स्त्रियांनी आणि स्तनदा मातांनी ब्लीचिंग पुढे ढकलावे. कॅप आणि सिमेंट यांचा रंग बदलत नाही, म्हणून समोरच्या दातात जुने सिमेंट असेल तर ब्लीचिंगनंतर निदान दोन आठवडे थांबून ते नव्या छटेत बदलून घ्यावे, कारण त्याआधी नवे सिमेंट दाताला नीट धरत नाही.

ट्रेच्या उपचाराला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. साखरपुड्याची तारीख ठरली असेल, तर दहा दिवस आधी नव्हे, अडीच-तीन महिने आधी तपासणीला या.