लेझरनंतर केस परत का येतात?

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. कार्यालय, केटरर, लक्ष्मी रोडची साडीखरेदी, आणि अलीकडे या यादीत आणखी एक भर पडली आहे ती लेझरची. 'सहा सिटिंगमध्ये नको असलेले केस कायमचे गायब' अशा जाहिराती कोथरूडपासून हडपसरपर्यंत कुठेही दिसतात. मुलगी पॅकेज घेते, लग्न थाटात होतं, फोटो सुरेख येतात. आणि पुढची दिवाळी यायच्या आत हनुवटीवर हाताला काहीतरी टोचायला लागतं. मग ती माझ्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञाकडे येते आणि बसता बसता विचारते, "डॉक्टर, मला फसवलं का हो?"

कधीकधी फसवलेलं असतंही. पण बहुतेक वेळा मशीनने त्याचं काम केलेलं असतं आणि शरीराने त्याचं. म्हणून मी तिला उलट दोन प्रश्न विचारते: केस कधी आले, आणि कसे आले? सगळं उत्तर त्या दोन प्रश्नांत असतं.

आधी लेझर करतं काय, ते पाहू. 1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं. योग्य रंगाचा प्रकाश, योग्य तेवढाच वेळ टाकला तर त्वचेतली एखादीच गोष्ट तापवता येते आणि आजूबाजूचं वाचवता येतं. केसांच्या बाबतीत ही गोष्ट म्हणजे मेलॅनिन, केसातला काळा रंग. प्रकाश त्या रंगात शिरतो, त्याची उष्णता होते आणि ती केसातून मुळाच्या आजूबाजूला पसरते. गोम अशी की केस पुन्हा उगवणाऱ्या मूळपेशी जिथे असतात, तिथे रंग फारसा नसतोच. अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा जो चिमुकला स्नायू असतो ना, तो केसाच्या मुळाला जिथे चिकटलेला असतो, त्याच्याच जवळ या पेशींचं घर. म्हणजे तापतो एक आणि मरायला हवा त्याचा शेजारी. उष्णता तिथवर पुरेशी पोचली नाही तर केस गळतो, पण मूळपेशी शाबूत राहतात. शेतातली हरळी वरून कापली आणि मुळी जमिनीतच राहिली, तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट केसांच्या वेळापत्रकाची. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो, विश्रांती घेतो, गळतो आणि त्याच जागी नवा येतो. डोक्यावरचे साधारण 85 ते 90 टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. पायांवर उलट, बहुतेक केस विश्रांती घेत असतात. लेझर लागू पडतं ते वाढत असलेल्या केसाला, कारण तेव्हा तो मुळाशी घट्ट जोडलेला आणि रंगाने भरलेला असतो. बाकीचे त्या दिवशी निसटतात आणि पुढे आपापल्या वेळेला वर येतात. म्हणून तर चेहऱ्याची सिटिंग चार ते सहा आठवड्यांनी आणि अंगाची सहा ते आठ आठवड्यांनी ठेवतात. लग्न तोंडावर आलंय म्हणून दर पंधरा दिवसांनी येऊ का, असं विचारणाऱ्या मुलींना मी नाही म्हणते. पैसे जातात, केस तिथेच.

आता त्या दोन प्रश्नांकडे येऊ. सिटिंगनंतर आठ-दहा दिवसांत केस वर आलेले दिसतात, तेव्हा घाबरू नका. ते जळालेले केस असतात, त्वचा त्यांना बाहेर ढकलत असते. दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप गळतात.

तीन-चार महिन्यांनी तसेच्या तसे जाड केस परत आले, तर उष्णता कमी पडली असं समजावं. आणि हे आपल्याकडे बरंच घडतं. आपली त्वचा गव्हाळ ते सावळी, म्हणजे मेलॅनिन त्वचेतही भरपूर. प्रकाश केसापर्यंत पोचण्याआधी वरच्या वरच अडतो, आणि जोर वाढवला तर त्वचा भाजते. डाग पडेल या भीतीने मशीन चालवणारी व्यक्ती जोर कमी ठेवते. सावळ्या त्वचेला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित, कारण त्याचा प्रकाश खोल जातो आणि वरच्या रंगात कमी अडकतो. गोऱ्या त्वचेवर 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट छान चालतं. ही निवड त्वचा पाहून करायची असते, दुकानात कुठलं मशीन पडून आहे ते पाहून नाही. पुण्याच्या मुली स्कूटरवर बसताना डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळतात, त्याची सगळा महाराष्ट्र थट्टा करतो. मी करत नाही. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर लेझर करायचं तर जोर आणखी कमी करावा लागतो. सिंहगड चढून आल्यावर दोन दिवसांनी सिटिंग असेल, तर सरळ पुढे ढकला.

याच गटातलं आणखी एक कारण आहे आणि ते अगदी घरचं आहे. दोन सिटिंगच्या मध्ये केस दिसायला लागले की पाय आपोआप पार्लरकडे वळतात. थ्रेडिंग, वॅक्सिंग, नाहीतर आरशासमोर चिमटा. यात केस मुळासकट उपटला जातो, म्हणजे लेझरने जे तापवायचं तेच गायब. पुढच्या सिटिंगला प्रकाश पडतो तो रिकाम्या जागेवर. मध्ये चालतो तो फक्त रेझर किंवा कात्री. पण हे सांगितलं की मुलीच्या आधी तिची आई दचकते: "तोंडावर रेझर? अहो, दाढीसारखे राठ केस येतील!" येत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून ते खरखरीत लागतं, एवढंच. रेझर मुळापर्यंत पोचत नाही, तर त्याला जाड कसा करणार? बाळाची लव आपोआप जाते आणि श्रेय डाळीच्या पिठाला मिळतं, तसाच हा रेझरवरचा आळ. या एका गैरसमजापायी किती सिटिंग वाया जातात, काय सांगू.

केस परत आले, पण बारीक आणि भुरे आले, तर माझ्या मते ते यशच आहे. मूळ पुरतं मेलं नाही, पण लहान झालं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने या यंत्रांच्या उत्पादकांना जो दावा करू दिला आहे, तोही एवढाच आहे, की उपचारांनंतर परत येणाऱ्या केसांची संख्या घटते आणि ती घट दीर्घकाळ टिकते. एकही केस येणार नाही, असं त्यात कुठेही नाही. सहा ते आठ सिटिंगनंतर वर्षातून एखाद-दोन वेळा पुन्हा यावं लागेल, हे पॅकेज विकतानाच सांगायला हवं. सांगत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आता वर्ष-दीड वर्षाने येणारे केस. हनुवटी, जबड्याची कड, गळा, कधी बेंबीखालची रेघ, या जागी नवे जाड केस. ही बहुधा जुनी मुळं नव्हेत. अंगावर जन्मापासून असलेल्या लवेची मुळं हॉर्मोनच्या हुकुमाने जाड केस द्यायला लागतात. पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हॉर्मोनचा बिघाड, हे त्याचं सगळ्यांत मोठं कारण. पाळी लांबते का, वजन वाढलंय का, मुरुमं आहेत का, मानेवर काळसर मखमली पट्टा दिसतो का, हे लेझरच्या खोलीत जाण्याआधी विचारायला हवं. नाहीतर मशीन आजचे केस जाळतं आणि अंडाशय उद्याचे तयार करत राहतं. औषधं चालू केली तरी केसांवर परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात, कारण तेच केसांचं वेळापत्रक. औषध आणि लेझर बरोबरीने चालू ठेवलं तर फरक टिकतो. आणि एक धोक्याची खूण लक्षात ठेवा: काही महिन्यांतच झपाट्याने केस वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी थांबली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तर लेझरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. हॉर्मोन तयार करणारी गाठ असू शकते.

पाळी जाण्याच्या वयातही हनुवटीवर दोन-चार चिवट केस येतात. त्यातले पांढरे असतील तर लेझर निरुपयोगी, कारण पकडायला रंगच नाही. तिथे इलेक्ट्रोलिसिस चालतं. एकेका मुळात सुई घालून वीज सोडायची. ही पद्धत चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने 1875 मध्ये पापणीच्या आत वळणाऱ्या केसांसाठी वापरली होती. वेळखाऊ आहे, पण केसाच्या रंगाशी तिला देणंघेणं नाही.

शेवटी एक विचित्र प्रकार. क्वचित काही जणींना लेझरनंतर केस कमी व्हायच्या ऐवजी वाढतात, आणि तेही जिथे उपचार केला त्याच्या कडेकडेने. सावळी त्वचा, गाल आणि मान, बारीक लव आणि कमी जोराचा प्रकाश, असं सगळं जुळलं की हे जास्त दिसतं. अर्धवट उष्णतेने शेजारची झोपलेली मुळं जागी होतात, असं मानलं जातं. म्हणून गालावरच्या साध्या लवेला लेझर लावा असा कितीही आग्रह झाला तरी मी लावत नाही. असं झालंच तर उपाय म्हणून बरेचदा पुन्हा लेझरच करावं लागतं, पण योग्य तरंगलांबीचं आणि पुरेशा जोराचं.

म्हणून पैसे भरण्याआधी एक गोष्ट मागून घ्या. कुठलं लेझर वापरलं, किती जोर दिला, कुठल्या भागावर आणि कुठल्या तारखेला, याची प्रत्येक सिटिंगची लेखी नोंद. पुढे केस परत आले आणि तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात, तर जोर कमी पडला की हॉर्मोन बिघडलं, हे शोधायला त्याला सगळ्यांत आधी ते आकडे लागतील. पावतीवर नुसतं 'लेझर, सहा सिटिंग' एवढंच लिहून देत असतील, तर तिथे पैसे भरू नका. नमस्कार.