बंद मागांची वही

(इचलकरंजीतील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

आज दुपारी थोडा वेळ हाताशी होता, म्हणून संयोजकांच्या ओळखीच्या एका कारखान्यात चक्कर मारली. साधे यंत्रमाग, एकूण २४. सवयीप्रमाणं दारातच उभं राहून मोजले. १९ चालू, ५ बंद. एकाचं बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपलं होतं आणि नव्या बीमचे धागे ओवणारे वहिफणीवाले शेजारच्या कारखान्यात अडकले होते. एकाचा पिकर, म्हणजे धोट्याला ढकलणारा भाग, गेला होता. एकाला आडव्या धाग्याच्या कांड्या नव्हत्या. एक माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची वाट बघत होता. पाचवा का बंद आहे हे कुणालाच सांगता येईना. मी विचारलं, "कधीपासून?" कामगार म्हणाला, कालच्या रातपाळीपासून. दिवाणजी म्हणाले, सकाळपासून असेल. मालक म्हणाले, "आत्ताच थांबला असेल हो, चहाच्या वेळेला." तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, एवढंच.

चहा घेताना मालकांनी आणखी चार माग टाकायचा विचार बोलून दाखवला. जागा आहे, कर्जाचं बोलणं चालू आहे. तिथं मी गप्प बसलो, पाहुणा होतो. इथं बोलतो, कारण ते समोरच बसलेत आणि त्यांनी मघाशी परवानगी दिली आहे. त्यांना चार माग हवेत, आणि पाच माग त्यांच्याच छपराखाली उभे आहेत. एका दुपारचं हे चित्र, त्यावरून वर्षाचा हिशेब मांडता येणार नाही, हे मलाही कळतं. पण वर्षाचा हिशेब मांडायचा तर कशावरून मांडायचा? वहीच नाही.

उत्पादकता म्हटलं की आपल्या माणसाला ते "आणखी राबा" असं ऐकू येतं. बारा बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या गावाला आणखी राबा म्हणायला मी आलेलो नाही. तोच माग, तेच सूत, तीच माणसं, तेवढीच वीज, यातून विकण्याजोगं कापड किती निघतं, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि आपल्याकडं याचं उत्तर गेली पंचवीस वर्षं एकच दिलं जातं, नवीन मशीन. १९९९ साली केंद्राची टफ योजना आली, कापडधंद्यातली यंत्रं आधुनिक करण्यासाठीची, तिच्या आधारानं या गावात शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे, माग आले, आणि ते यायलाच हवे होते. पण योजनेला बिल लागतं. मशीनचं बिल मिळतं. बंद पडलेल्या मागाचं बिल कुणी फाडत नाही, म्हणून त्याला योजनाही नाही आणि कुणाच्या डोळ्यांत तो खुपतही नाही.

याची नीट तपासणी आपल्याच राज्यात झालेली आहे, आणि वस्त्रोद्योगातच. २००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी, निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे मंडळींनी, तारापूर आणि शेजारच्या गुजरातमधल्या उंबरगाव भागात एक प्रयोग सुरू केला. १७ कंपन्या, त्यांचे मिळून २८ कारखाने. काही कारखान्यांना सल्लागार कंपनीची माणसं पाच महिने फुकट दिली. काहींना फक्त एक महिना, नुसतं निदान करण्यापुरती. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे पुढं फरक पडला तर तो कशानं पडला याबद्दल वाद नको.

सल्लागारांना आत काय दिसलं? तुम्हाला नवीन वाटेल असं काहीच नाही. सुताचे गठ्ठे चिठ्ठीशिवाय पडलेले, कुठलं सूत किती आहे हे फक्त गोदामवाल्याच्या डोक्यात. हत्यारं आणि सुटे भाग ढिगात. माग बंद पडला की दुरुस्ती, तोवर देखभाल नाही. कापडातले दोष दुरुस्त करण्यात कारखान्यातलं जवळपास पाचवा हिस्सा मनुष्यबळ गुंतलेलं, पण दोष कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कशानं झाला याची नोंद नाही. म्हणजे रोज तोच दोष, रोज तीच दुरुस्ती.

मग त्यांनी ३८ साध्या गोष्टींची यादी केली आणि त्या रुजवायला घेतल्या. माग किती वेळ थांबला ते लिहा. दोष लिहा आणि रोज एकत्र बसून त्यावर बोला. उरलेल्या सुताची यादी डिझाइनवाल्याला द्या, म्हणजे तो नव्या कापडात ते वापरेल. देखभालीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. नवा माग घ्या, असं त्या यादीत कुठंच नव्हतं. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, दोष जवळपास निम्म्यावर आले, सुताचा साठा कमी झाला. २०१३ साली हे सगळं आकड्यांसह छापून आलं.

समोरून लगेच शंका येईल, आणि ती बरोबर आहे. त्या कंपन्या सरासरी २७० कामगारांच्या होत्या. इथल्या २४ मागांच्या मालकाला पाच महिने सल्लागार कोण देणार? कुणी नाही. पण मला त्या प्रयोगातला १७ टक्क्यांचा आकडा तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. मला तिथला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. इतकं साधं होतं, तर मालकांनी ते आधी का केलं नव्हतं? ती माणसं काही अडाणी नव्हती. बहुतेकांचं उत्तर होतं, आपलं कापड चांगलंच आहे की. कशाच्या तुलनेत, ते माहीत नाही. शेजारच्या कारखान्याचे आकडे ते बघू शकत नव्हते आणि स्वतःचे लिहिलेले नव्हते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, तिच्यावर मी खूप दिवस विचार केला आहे. कुठली कंपनी किती मोठी होते, याचा सगळ्यात जवळचा संबंध त्या घरात किती पुरुष आहेत याच्याशी दिसला. कारभार चांगला असणारी वाढते असं नाही, भावंडं जास्त असणारी वाढते! कारण परक्या माणसाच्या हाती गोदामाची किल्ली द्यायची कुणाची छाती होत नाही. चोरी झाली तर कोर्टात वर्षं जातात. आपल्या गावात तर हे पाठच आहे, दोन भाऊ तर दोन कारखाने, तिसऱ्याला मेव्हणा शोधायचा. (मुली मोजण्यातच नव्हत्या, कारण त्यांना पेढीवर बसवलंच जात नव्हतं. याचा तोटा कुणीतरी एकदा नीट मोजायला हवा.) मालक जोवर स्वतः उभा आहे तोवरच कारखाना चालतो. मालक वसुलीला बाहेर गेला की माग थांबतात, आणि वसुलीला तर जावंच लागतं. २००६ चा कायदा सांगतो की लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्या. छान कायदा आहे. पण तक्रार केली की व्यापाऱ्याकडून पुढचं बीम मिळत नाही हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यावर आज जास्त बोलत नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता मी जरा पाकिस्तानात जातो. सियालकोट हे फुटबॉल बनवणारं गाव. २०१४ च्या विश्वचषकाचा चेंडू तिथं तयार झाला होता. आपल्या इचलकरंजीसारखंच, गल्लोगल्ली पसरलेला धंदा. चेंडूला षटकोनी आणि पंचकोनी तुकडे लागतात. षटकोन एकाला एक चिकटून बसतात, पंचकोन बसत नाहीत, मध्ये रेक्झिन वाया जातं. काही अर्थशास्त्रज्ञांनी, त्यात लाहोरचेही होते, पंचकोन कापण्यासाठी नवा डाय, म्हणजे कापायचा साचा, तयार केला. तुकडे वेगळ्या मांडणीनं कापले की तेवढ्याच रेक्झिनमध्ये जास्त पंचकोन निघतात. २०१२ मध्ये त्यांनी हा डाय काही कारखान्यांना फुकट वाटला.

सव्वा वर्षानं बघितलं, तर वापरणारे बोटांवर मोजण्याइतके. इतरांनी डाय कोपऱ्यात टाकलेला. का? कापणाऱ्याला नगावर मजुरी होती. नवा डाय हाताला बसेपर्यंत काम हळू होतं, म्हणजे त्याची कमाई बुडते. वाचणारं रेक्झिन मालकाचं. त्यानं मालकाला सांगितलं, हा डाय काही उपयोगाचा नाही. मालकानं ते मानलं, कारण कापण्यातलं मालकाला काय कळतंय? मग अभ्यासकांनी काही कारखान्यांत एवढंच केलं, कापणाऱ्यानं मालकासमोर डाय चालवून दाखवला तर त्याला साधारण महिन्याच्या कमाईएवढी रक्कम एकदाच द्यायची. त्यातल्या काही कारखान्यांत डाय वापरात यायला लागला.

हे वाचलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, कारखान्यांना सल्ला द्यायला नुकताच लागलो तेव्हा, माझ्या प्रत्येक अहवालात एक वाक्य ठरलेलं असायचं, "कामगारांचा बदलास विरोध आहे." मालकांना ते वाक्य फार आवडायचं. इथं मीटरवर मजुरी आहे. उभा धागा तुटला आणि कामगारानं माग थांबवून तो जोडला, तर मीटर त्याचं कमी झालं आणि कापड मालकाचं सुधारलं. तो कशाला थांबवेल? आणि मालकसाहेब, तुमचंही तेच आहे. तुमच्यापैकी निम्मे लोक खर्चीवाले आहात. सूत व्यापाऱ्याचं, बीम त्याचं, तुम्हाला पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी. तुम्ही सूत वाचवलंत तर ते त्याचं वाचतं. खोट निघाली तर मात्र कपात तुमची. सियालकोटचा तो कापणारा मजूर आणि इचलकरंजीचा खर्चीवाला यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. म्हणून नुसती वही घाला असं मी म्हणत नाही. वहीतून जे वाचेल त्यातलं लिहिणाऱ्याला काय, हे आधी ठरवा. आणि व्यापाऱ्याशी बोलणी करतानाही हाच मुद्दा काढा. एकट्यादुकट्यानं निघणार नाही, संघटनेनं काढावा लागेल.

तारापूरला अभ्यासक २०१७ मध्ये परत गेले. रुजवलेल्या गोष्टींपैकी जवळपास निम्म्या गळून गेल्या होत्या. कुठं मॅनेजर बदलला होता, कुठं मालकाला वेळ नव्हता. तरी ज्यांना तेव्हा पूर्ण मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा ते पुढंच होते, आणि काही पद्धती त्याच कंपन्यांच्या इतर कारखान्यांतही पसरल्या होत्या. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही.

मला निराश केलं ते एका फाउंड्रीनं, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यानं. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या बाजूची, नाव सांगत नाही. तिथं रिजेक्शन फार होतं. मालक म्हणायचे, "जातंय कुठं? परत भट्टीतच टाकतो की." लोखंड परत मिळतं खरं, पण वीज दुसऱ्यांदा जळते, वाळू दुसऱ्यांदा लागते, माणूस तेच काम दुसऱ्यांदा करतो. आम्ही एक फळा लावला. रोज किती नग बाद झाले, कशानं, ते मोल्डरनं, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्यानं, स्वतः लिहायचं. जी बचत होईल तिचा तिसरा हिस्सा महिनाअखेरीला मोल्डिंगच्या माणसांत वाटायचा. तीन वर्षं उत्तम चाललं. वाळूत ओल जास्त आहे हे प्रयोगशाळेच्या आधी मोल्डर सांगायला लागले. मग धाकटे मालक आले. त्यांना वाटलं, आता पद्धत बसली आहे, हिस्सा कशाला? तो बंद केला. फळा ठेवला.

गेल्या वर्षी सहज तिकडं गेलो होतो. फळा जागेवर होता, तारीख त्याच दिवसाची होती. बाद नग, ४ टक्के. आदल्या दिवशी ४ टक्के. त्याच्या आदल्या दिवशीही ४. मागच्या बाजूला गेलो, तर बाद मालाचा ढीग कमरेएवढा. मी वाकून नग मोजायला लागलो. एक जुना मोल्डर ओळखीचा निघाला. जवळ येऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही कशाला मोजताय? तेव्हा आम्ही मोजत होतो."