तेलाचा पैसा, पाळणाघर आणि दवाखान्याचं बिल

[दृश्य: सँटा फे शहर. ड्रोनमधून दिसणारी गोल इमारत.]

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याचं विधिमंडळ या गोल इमारतीत भरतं. लोक तिला ‘राउंडहाउस’ म्हणूनच ओळखतात. इथल्या आमदारांना पगार नाही. अधिवेशन चालू असेल तेव्हा रोजचा भत्ता, बस्स. आणि अधिवेशन तरी किती दिवसांचं? विषम वर्षी ६०, सम वर्षी ३०. बाकीचे महिने ज्याने-त्याने आपापला पोटापाण्याचा धंदा बघायचा. एखाद्या प्रश्नाच्या मुळाशी जायला वेळ मिळतो तो मधल्या काळातल्या समित्यांमध्ये.

‘समिती नेमली’ म्हटलं की आपल्याकडे माणूस काय ते समजून जातो. विषय बासनात गेला. सँटा फेलाही ही कला येतेच. पण दोन विषय तिथून बाहेर आले. एक, पाळणाघराचा खर्च. दुसरा, दवाखान्याची थकलेली बिलं.

[दृश्य: पाळणाघर, सकाळची वेळ.]

पाळणाघर महाग का, हे समजायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तान्ह्या बाळांच्या खोलीत एका बाईने किती मुलं बघायची, याला मर्यादा आहे. ती असायलाच हवी. यंत्र आणून हे काम उरकत नाही. त्यामुळे फी चढत जाते, आणि एवढं करून सांभाळणारीच्या हातात मात्र तुटपुंजा पगार. राज्य सरकारचाच अंदाज आहे, एका मुलामागे वर्षाला साधारण १२,००० डॉलर. रुपयांत दहा लाखांच्या वर.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी यावर शोधलेला उपाय आपल्याला ठाऊक आहे. आधी सहा महिने आईचे आई-बाबा, मग वडिलांचे. एका जोडीचा मुक्काम संपायला आला की दुसरीचं तिकीट. ज्यांचे आजी-आजोबा स्वतःच अजून कामावर जातात, त्यांनी काय करायचं?

न्यू मेक्सिको हे गरीब राज्य. पण आग्नेय कोपऱ्यात पर्मियन खोऱ्याचं तेल आहे. राज्याच्या मालकीच्या जमिनींतून येणारी रॉयल्टी एका कायमस्वरूपी निधीत साठते. या जमिनी राज्य स्थापन होण्याआधीपासून, १८९८ च्या कायद्याने, शाळांसारख्या संस्थांसाठी राखलेल्या. निधीतून दरवर्षी ५ टक्के काढायचे, असा नियम होता. मुलांसाठी काम करणाऱ्या संघटनांची मागणी साधी होती: थोडे जास्त काढा, आणि ते पाच वर्षांखालच्या मुलांवर खर्च करा.

या मागणीला जवळपास दशकभर नकार मिळाला. सर्वांत ठाम नकार होता जॉन आर्थर स्मिथ यांचा, डेमिंग गावचे राज्य सिनेटर आणि राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या, वित्त समितीचे अध्यक्ष. पक्ष डेमोक्रॅटिक, पण तिजोरीवर पहारा असा की लोक त्यांना ‘डॉक्टर नो’ म्हणत. त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. तेलाचा भाव पडला की या राज्याचं अंदाजपत्रक कसं कोसळतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. आज जास्त काढाल, तर उद्याच्या मुलांना कमी पडेल, हा त्यांचा मुद्दा होता.

तो कुठल्या अहवालाने खोडला नाही. जून २०२० मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत स्मिथ हरले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ७० टक्के मतदारांनी तिला होकार दिला. निधीतून १.२५ टक्के जादा काढायचे. त्यातला ६० टक्के वाटा लहान मुलांना, बाकीचा सरकारी शाळांना. अभ्यास वर्षानुवर्षं झाला होता. अडलं होतं ते मताला.

१ नोव्हेंबर २०२५ पासून न्यू मेक्सिकोत पाळणाघर मोफत आहे, उत्पन्नाची कुठलीही अट न घालता. अमेरिकेतलं असं पहिलं राज्य. ‘श्रीमंतांच्या पोरांना फुकट कशाला?’ हा प्रश्न तिथेही विचारला गेला, आणि तो रास्त आहे. पण त्याहून मोठी अडचण माणसांची. सर्वांना जागा द्यायची तर आणखी सुमारे ५,००० कर्मचारी लागतील, असा सरकारचा हिशोब. म्हणून जे केंद्र नवख्या कर्मचाऱ्यालाही तासाला किमान १८ डॉलर देईल, त्याला राज्याकडून मुलांचे पैसे वाढीव दराने.

[दृश्य: कार्ल्सबाड. तेलविहिरींचे पंप, मागे गाव.]

आता त्याच तेलाच्या पट्ट्यातलं हे गाव, कार्ल्सबाड. २०१९ मध्ये देशभर बातमी झाली, की इथल्या रुग्णालयाने थकलेल्या बिलांपायी आपल्याच रुग्णांवर हजारो दावे लावलेत. निकाल विरोधात गेला की पगारातून कपात. दोन-तीन हजार डॉलरसाठीही माणूस कोर्टाची पायरी चढत होता. अमेरिकेत दवाखान्याच्या कर्जाखाली सुमारे दहा कोटी लोक असल्याचं २०२२ मध्ये एका पाहणीत दिसलं होतं. त्यांतले पुष्कळ विमाधारकच.

इथे विधिमंडळ झटपट हललं. २०२१ च्या एकाच अधिवेशनात कायदा झाला. वसुलीला लागण्याआधी रुग्णालयाने बघायचं, की रुग्णाला एखादा सरकारी विमा मिळू शकतो का. आणि ज्याचं उत्पन्न केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत आहे, त्याच्यामागे वसुलीचा ससेमिरा लावायचाच नाही. राज्याच्या तिजोरीला याची फारशी झळ नाही. कदाचित म्हणूनच तो इतक्या लवकर झाला असावा.

दुप्पट म्हणजे किती? २०२५ च्या आकड्यांनी चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ६४,३०० डॉलर. समजा, कार्ल्सबाडमधलं एक जोडपं. तो टँकर चालवतो, ती दुकानात. दोघांचं मिळून ७०,०००. दोन्ही मुलांचं पाळणाघर आता फुकट, कारण तिथली उत्पन्नाची रेषा पुसली गेली. धाकट्याचा हात मोडला आणि बिल थकलं, तर या कायद्याने मात्र त्यांना कोर्टापासून वाचवलेलं नाही.