भाकरी थापणारे हात

हे आक्कांचे हात बघा आधी. काठवटीत ज्वारीचं पीठ, त्यात गरम पाणी, आणि मग तळहाताने रगडणं, रगडणं, कारण ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, नीट मळलं नाही तर भाकरी कडेने चिरते. ही लाटायची नाही, थापायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि मग चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची. फुगली बघा.

ही मालदांडी ज्वारी, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली. परतीच्या पावसाची ओल ही जमीन धरून ठेवते, पुढे पाऊस नाही पडला तरी त्या ओलीवर आणि थंडीवर कणीस भरतं. पिढ्यानपिढ्या कष्टकऱ्याचं जेवण हेच, भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा, कांदा.

आता हीच ज्वारी दुकानात गव्हापेक्षा महाग, शहरात डाएटवाले आवर्जून घेतात, आणि पिकवणाऱ्या भागातच कितीतरी घरांत रेशनचा गहू-तांदूळ शिजतो. रेशनवर राग नाही हां, जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतंय आणि त्यावर घरं चालतात.

हे पुण्यातलं दुकान, बांधकामाच्या साईटजवळचं. दारावर पाच-पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांच्या माळा, खाली पामतेलाच्या पिशव्या. डाळ, दूध, फळं हात आखडून घेतली जातात, तेल-साखर मात्र परवडते, त्यामुळे चार पैसे जास्त आले की ताटात आधी तेच वाढतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या शहरी बायकांपैकी ३३ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या, खेड्यात २०. आणि खेड्यातल्या २१ टक्के अजून हडकुळ्याच. अमेरिकेत चित्र वेगळं, तिथे लठ्ठपणा कमी कमाईच्या बायकांत जास्त.

नुसत्या वजनकाट्यावर पण जाऊ नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा हा फोटो २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, दोघांचा २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९ टक्के, याज्ञिकांची २१. म्हणजे बीएमआय तोच, चरबी दुपटीहून जास्त, आणि अशा चरबीसोबत येणारे डायबेटिस, बीपी आता वस्त्यांपर्यंत पोचलेत.

ही त्याच आक्कांची सून, पुण्याच्या खोलीत. गावाहून आलेलं पीठ, गॅसवर तवा. ती थापतेय, आणि शेजारी पोरगं पुडी फोडतंय.