पत्रिका, नाणी आणि सातवीचा वर्ग

नमस्कार श्रोतेहो.

सहावी-सातवीतलं मूल घरात असेल, तर प्रकल्पवहीचे दिवस तुमच्या ओळखीचे असतील. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, चित्रं कापून चिकटवायची, मोबाइलवर सापडलेला मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा. रात्री उशिरा आई स्केचपेननं चौकटी आखून देते आणि प्रकल्प ‘पूर्ण’ होतो. त्यात मुलानं शोधलेलं काहीच नसतं, कारण शोधण्यासारखा प्रश्नच त्याला दिलेला नसतो. मी विज्ञान शिकवते आणि हे मला फार खुपतं. अकरा ते चौदा वर्षांची मुलं ऊठसूट ‘कशावरून?’ विचारतात, आणि नेमकं तेव्हाच आपण त्यांना उतरवून काढायला बसवतो.

या मुलांना संशोधन शिकवता येतं का? येतं. त्यासाठी मला सगळ्यांत आवडणारा पाठ पुण्यातल्या एका प्रयोगाचा आहे.

2008 साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर, फलज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शाळेत हुशार म्हणून नावाजलेली 100 मुलं आणि बौद्धिक वाढ खुंटलेली 100 मुलं, अशा 200 जणांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या कोणत्याही 40 पत्रिका द्यायच्या आणि त्यानं एवढंच सांगायचं, की यातली हुशार मुलांची कोणती आणि दुसऱ्या गटातली कोणती.

मी वर्गात इथेच थांबते. निकाल सांगत नाही. मुलांना विचारते, ‘किती बरोबर आली तर तुम्ही मानाल, की यांना पत्रिकेवरून कळतं?’ कुणी म्हणतं 40 पैकी 40. कुणी म्हणतं, 21 आली तरी पुरे, निम्म्याहून जास्त झाली ना! मग वाद पेटतो, आणि तो पेटायलाच हवा. पुरावा किती हवा हे निकाल कळायच्या आधी ठरवायचं असतं. ही गोष्ट मोठ्यांनाही सहसा कुणी शिकवलेली नसते.

मग प्रत्येकाच्या हातात रुपयाचं नाणं. आधी ‘छापा’ की ‘काटा’ ते लिहायचं, मग उडवायचं. असं 40 वेळा. वर्गात नुसता खणखणाट! बहुतेकांची 17 ते 23 बरोबर येतात, पण एखाद्याची 26 येतात. एकदा अशीच एका मुलीची 26 आली. मागच्या बाकावरून ओरडा झाला, ‘बाई, हिला कळतं!’ तीही खूश. तेवढ्यात तिच्याच शेजारची म्हणाली, ‘परत करायला सांगा ना तिला.’ परत केलं, 19 आली. त्या ‘परत करायला सांगा’मध्ये अर्ध्याहून अधिक संशोधन आहे, आणि ते माझ्या तोंडून नव्हे, एका मुलीच्या तोंडून आलं, याचा मला आजही आनंद होतो. नुसत्या नशिबानं 40 पैकी 28 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. हे गणित त्या वयाला मांडता येत नाही, पण वर्गातले सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले की मुलांना ते डोळ्यांनी दिसतं.

यानंतरच निकाल सांगायचा. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर, म्हणजे नाण्याच्या आसपासच.

पाठ इथे संपत नाही. भाग घ्यायला तयार झाले होते 51 जण. मग उरलेल्यांचं काय? त्यांची उत्तरं आली असती तर आकडा बदलला असता का? ज्या प्रयोगाचा निकाल आपल्याला पटतो, त्यालाही हाच प्रश्न विचारायचा, हे मी आवर्जून करून घेते. पत्रिकांवर नावं का नव्हती, नुसते क्रमांक का होते, यावरही मुलं भरपूर बोलतात.

पालकांना एक सांगायला हवं. घरी आजी पंचांग बघते म्हणून तिची टिंगल करायला हा पाठ शिकवत नाही. तशी टिंगल झाली तर मी ती तिथल्या तिथे थांबवते. तीच कसोटी आम्ही टीव्हीवरच्या जाहिरातींना लावतो. ‘हे दुधात घालून प्या, उंची वाढेल.’ वाढत्या वयाच्या मुलाची उंची तशीही वाढतेच, मग न पिणाऱ्यांची किती वाढली? हा प्रश्न वर्गातून येतो तेव्हा पाठ पोचला असं समजावं.

‘अभ्यासक्रम कधी संपवायचा?’ असं माझे सहकारी विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. पण या पाठाला दोन तासिका लागतात आणि खर्च शून्य. शिवाय प्रकल्प तर आपण करून घेतोच. त्यातला एक प्रकल्प पाऊस मोजण्याचा ठेवा. सरळ कडांचं भांडं उघड्यावर ठेवायचं आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजायचं. दोन गटांचे आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, हे शोधताना एकाचं भांडं झाडाखाली सापडेल.

आणि वहीच्या पहिल्या पानावर चित्राऐवजी दोन ओळी लिहून घ्या: मला काय वाटतंय, आणि काय दिसलं तर मी माझं मत बदलेन. गुण देताना या दोन ओळींना द्या. अंदाज चुकला आणि मुलानं तो चुकला असं प्रामाणिकपणे नोंदवलं, तर त्या नोंदीला पूर्ण गुण द्या.

नमस्कार.