टप्पा पडल्यावर वळणारा चेंडू

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की देशभरातली बहुतेक क्रिकेट मैदानं ओस पडतात. मुंबईत मात्र त्याच दिवसांत कांगा लीग सुरू होते. १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावानं ओळखली जाते, आणि तिचं वेगळेपण खेळपट्टीत आहे. उघडी, पावसात भिजलेली, मध्येच उन्हात अर्धवट सुकलेली विकेट, आणि भोवती वाढलेलं गवत. गोलंदाज एकाच जागी तीन चेंडू टाकतो. पहिला थांबून येतो, दुसरा टप्प्यावरून छातीपर्यंत उसळतो, तिसरा सरपटत पायावर आदळतो. इथं टिकलेला फलंदाज कुठंही टिकतो, असं मुंबईच्या मैदानांवर पिढ्यानपिढ्या म्हटलं जातं. हे म्हणणं पटण्यासारखं का आहे, आणि पाऊस नसताना साध्या सिमेंटच्या विकेटवर तसा सराव कसा करायचा, याबद्दल आज बोलू या.

आधी थोडा हिशेब करू. एका बाजूच्या क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर १७.६८ मीटर. ताशी १३० किलोमीटर वेगानं हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद घेतो. चांगल्या टप्प्याचा चेंडू स्टंपांपासून सहा-सात मीटरवर पडतो. फलंदाज त्याला स्टंपांच्या दीडेक मीटर पुढे खेळतो. म्हणजे टप्पा पडल्यानंतर बॅटपर्यंत उरलेलं अंतर पाचेक मीटर, आणि वेळ सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा.

आता माणसाच्या शरीराचा हिशेब. डोळ्यांना बदल दिसला, मेंदूनं नवा हुकूम सोडला आणि हात वेगळ्या दिशेनं हलला, एवढ्याला लागतो सुमारे पाव सेकंदाहून जरा कमी, म्हणजे जवळपास २०० मिलिसेकंद. १९८७ साली पीटर मॅक्लाउड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं हे थेट क्रिकेटमध्येच मोजलं. त्यानं मॅटिंगच्या विकेटखाली, खेळपट्टीच्या लांबीच्या दिशेनं, लाकडी दांडके ठेवले. मशीनमधून चेंडू येई, दांडक्याच्या उतारावर पडला की डावीकडे किंवा उजवीकडे सटके, आणि तो कुठं जाणार हे कुणालाच आधी सांगता येत नसे. समोर होते आंतरराष्ट्रीय दर्जाचे फलंदाज. वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं तेव्हा दिसलं, की चेंडू वळल्यानंतर बॅटची दिशा बदलायला त्यांनाही साधारण २०० मिलिसेकंद लागत होते. तुमच्या-आमच्याएवढेच!

या प्रयोगाचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. वर्षानुवर्षांच्या सरावानं प्रतिक्रियेचा हा काळ फारसा घटत नाही. ‘रिफ्लेक्स वाढवा’ म्हणून रंगीत दिव्यांवर टपल्या मारायला लावणारी यंत्रं विकली जातात. त्यांनी मुलगा दिव्यांवर टपल्या मारण्यात पटाईत होतो, एवढंच. वेगवान चेंडू टप्प्यावरून आत आला तर तो पाहून बॅट वळवणं जगातल्या सर्वोत्तम फलंदाजालाही जमत नाही.

मग सरावानं नेमकं मिळतं काय?

एक म्हणजे अंदाज. मायकल लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग काढला. फलंदाज चेंडू पूर्ण वेळ पाहतच नाही. हातातून सुटताना तो पाहतो, मग नजर उडी मारून टप्पा जिथं पडणार तिथं आधीच जाऊन थांबते. कसलेल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते, नवख्याची उशिरा. हाताचा कोन, मनगट, चेंडूची सुरुवातीची वाट यांवरून टप्पा ओळखायला तो शिकलेला असतो, आणि असे हजारो वेगवेगळे चेंडू डोळ्यांखालून गेल्याशिवाय हे शिकता येत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. चेंडू वळला तरी नुकसान होणार नाही, अशी जागा आपल्या फटक्यात ठेवायला फलंदाज शिकतो. फिरकीचं उदाहरण घ्या. चेंडू टप्प्यावर चार अंशांनी वळला असं समजा. टप्प्यापासून अर्ध्या मीटरवर तो साडेतीन सेंटिमीटर सरकलेला असतो. नियमानुसार बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या रेषेपासून एका बाजूला ५.४. इथं गाठला तर चेंडू बॅटवरच लागतो. तोच चेंडू टप्प्यापासून दोन मीटरवर खेळलात तर तो चौदा सेंटिमीटर सरकलेला असतो, बॅटच्या पार बाहेर. तिथं पोहोचायला त्याला सेकंदाचा आठवा भाग लागला, त्यामुळे बदल पाहून सावरायला वेळही मिळालेला नसतो. मागे जाऊन टप्प्यापासून चार मीटरवर खेळलात तर तो आणखी वळतो, पण हातात जवळपास पाव सेकंद येतो, आणि आता पाहून खेळता येतं. ‘एक तर टप्प्यावर जा, नाहीतर पार मागे जा, मध्ये लटकू नका’ असं जुने कोच ओरडून सांगत, त्यामागचं गणित हेच.

वेगवान गोलंदाजाच्या टप्प्यापर्यंत पोहोचता येत नाही. तिथं जागा ठेवायची ती हातांत. खालच्या हाताची पकड अंगठा आणि पहिली दोन बोटं एवढ्यावरच, तीही सैल. बॅट डोळ्यांच्या खाली, पॅडच्या जवळ. आणि चेंडू बाहेर वळला तर बॅट त्याच्या मागे न्यायची नाही. ज्या रेषेवर खेळायला निघालात तिथंच बॅट राहू द्या. बीट झालात, म्हणजे चेंडू बॅटला न लागता निघून गेला, तर झालात. वळलेल्या चेंडूच्या मागे बॅट फेकणं ही उशिरा आलेली दुरुस्ती असते, आणि तिच्यामुळेच चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये जातो.

१९८७च्या मार्चमध्ये बंगळुरूला सुनील गावसकरांनी पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावात ९६ धावा केल्या, तोही त्यांचा अखेरचा कसोटी डाव. खेळपट्टी हातभर वळत होती, इक्बाल कासिम आणि तौसीफ अहमद यांनी त्या सामन्यात प्रत्येकी नऊ बळी घेतले. भारत १६ धावांनी हरला. त्या डावाचं चित्रण मिळालं तर फटके सोडून द्या, सोडलेले आणि बीट झालेले चेंडू पाहा. मऊ हात आणि जागेवर थांबलेली बॅट हे तिथं जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचित दिसतं. दादर युनियन या क्लबकडून मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या फलंदाजाची ती खेळी आहे.

शरीर बदलाशी जुळवून घेण्याचा आणखी एक प्रकार आहे. परिस्थिती बदलते, पण बदललेली परिस्थिती काही वेळ तशीच राहते. टेनिस बॉलवरून सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कठीण बॉलवर, येणं, सिमेंटवरून टर्फवर जाणं, ही त्याची उदाहरणं. टेनिस बॉलचं वजन ५६ ते ५९ ग्रॅम, पुरुषांच्या सीझन बॉलचं १५६ ते १६३. उसळी वेगळी, बॅटवर बसणारा दणका वेगळा.

प्रयोगशाळेत हे प्रिझमच्या चष्म्यानं तपासतात. चष्मा सगळं दृश्य एका बाजूला सरकवतो. माणूस लक्ष्यावर चेंडू फेकतो आणि तो बाजूला जातो. दहा-वीस फेकींत चूक कमी होत होत नाहीशी होते. मग चष्मा काढला की गंमत होते. आता फेक उलट्या बाजूला चुकते, कारण लहान मेंदूनं फेकीचं मोजमापच बदलून ठेवलेलं असतं. ज्यांच्या लहान मेंदूला इजा झालेली असते त्यांच्यापैकी अनेकांना हे जुळवून घेणं जमत नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. काही आठवडे चष्मा घालून आणि काढून, दोन्ही प्रकारे सराव केला, की चष्मा चढवल्यावर पहिलीच फेक बरोबर जाते. मेंदू दोन्ही मोजमापं जवळ ठेवायला शिकतो आणि चष्म्याची चाहूल लागताच त्यातलं योग्य ते उचलतो.

म्हणून शनिवारी टेनिस बॉलचा सामना आणि रविवारी सीझन बॉलचा असेल, तर ‘टेनिसनं हात बिघडतो’ म्हणून घाबरण्याचं कारण नाही. आठवड्यात एकाच बैठकीत दोन्ही बॉल आलटून पालटून खेळा, आणि रविवारी डावाआधी किमान वीस सीझन बॉल बॅटवर घ्या. हात बिघडतो तो महिनाभर एकच बॉल खेळून अचानक दुसऱ्यावर गेल्यानं.

आता आपल्या नेटकडे येऊ. बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटं फिरकी, पंधरा मिनिटं वेगवान, शेवटी थ्रोडाउन, म्हणजे जवळून हातानं फेकलेले चेंडू. मुलाला आपण मस्त खेळतोय असं वाटतं, पालकही खूश. पण एकामागून एक सारखे चेंडू आले की मेंदूला दरवेळी नव्यानं निवड करावी लागत नाही, आधीचंच उत्तर तो पुन्हा देतो. अमेरिकेत १९९४ साली कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंवर हे तपासलं गेलं. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ जादा चेंडू. एका गटाला एका प्रकारचे १५, मग दुसऱ्या प्रकारचे १५, मग तिसऱ्याचे १५. दुसऱ्या गटाला तेच ४५, पण सरमिसळ करून. शेवटी सरमिसळवाल्यांची सुधारणा सुमारे ५७ टक्के निघाली, ओळीनं खेळलेल्यांची सुमारे २५, आणि जादा सराव न केलेल्यांची सहा. सरमिसळीत सरावाच्या वेळी खेळ वाईट दिसतो, हे मात्र कोचनं आणि पालकांनी सोसायला हवं. बाहेरून पाहणाऱ्यांच्या दडपणापायी चांगला सराव सोडून दिला जातो, याचं वाईट वाटतं.

कांगा लीगची विकेट घरच्या मैदानावर अशी बनवता येते. काथ्याची मॅट, आणि दहा मिलिमीटर जाडीच्या नायलॉन दोरीचे दोन-दोन मीटरचे सहा तुकडे. स्टंपांपासून तीन मीटरवर सुरू करून पाच मीटरपर्यंत, खेळपट्टीच्या लांबीच्या दिशेनं, पंधरा पंधरा सेंटिमीटर अंतरावर दोऱ्या ठेवा. वरून मॅट ताणून खिळ्यांनी पक्की करा. मॅट सैल राहिली तर उसळी मरते आणि पायात येते ती वेगळीच. साधारण तीन-चार चेंडूंत एक दोरीच्या उतारावर पडून सटकतो. उसळीचा फरक हवा असेल तर त्याच दोऱ्या आडव्या टाका.

बॉल टेनिसचा किंवा मऊ सिंथेटिक. या मॅटवर सीझन बॉल आणू नका. जाळीचं हेल्मेट, पॅड, गार्ड सगळं चढवलेलं हवं. फेकणारा चौदा मीटरवर उभा राहून मध्यम वेगानं फेकेल. पुढे धावून मारणं या सरावात बंद, कारण पाय दोरीवर पडला तर घोटा मुरगळतो. पहिले बारा चेंडू मॅटच्या पुढच्या सपाट भागावर टाका, म्हणजे पाय मोकळे होतील. नंतर चोवीस चेंडू दोऱ्यांवर, मध्ये मध्ये फुल टॉस आणि आखूड मिसळून. फलंदाजाला काम एकच द्या: चेंडू बॅटला लागला तर तो तीन मीटरच्या आत जमिनीवर पडला पाहिजे. मनगट असं, कोपर तसा, हे चालू सरावात सांगू नका. चेंडू कुठं पडायला हवा एवढं सांगितलं की हात आपोआप मऊ होतात.

दोन-तीन ठिकाणी हे बिघडतं. प्रत्येक चेंडू वळू लागला तर मुलगा चेंडूकडे पाहणं सोडतो आणि आधीच ठरवून खेळतो, म्हणून सरळ चेंडू जास्तच हवेत. एक सरळ, एक वळणारा असा क्रम झाला तर तो क्रमच पाठ करतो. आणि मागचा पाय स्क्वेअर लेगकडे सरकू लागला, मान वळू लागली, तर ओळखा की मात्रा जास्त झाली. निम्म्या दोऱ्या काढा, वेग उतरवा. ज्याला अजून सरळ बॅटनं सरळ चेंडू अडवता येत नाही त्याला तर दोऱ्यांवर आणूच नका. आधी काही आठवडे साधी विकेट.

लहान मुलांसाठी याहून सोपं आहे. १९७८ सालचा एक प्रयोग आहे. आठ वर्षांच्या काही मुलांनी भरलेल्या कापडी पिशव्या तीन फुटांवरच्या लक्ष्यावर फेकण्याचा सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवर. परीक्षा तीन फुटांची होती, आणि तिथं कधीच सराव न केलेली मुलं सरस ठरली. तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलांना वेगवेगळे बॉल, वेगवेगळी अंतरं, ओलं अंगण, खडबडीत भिंत असं सगळं खेळू द्या. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाऊरल या गावी घरामागच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बांधकामावर गोल्फचा चेंडू मारत आणि उलटून येणारा चेंडू स्टंपनं परतवत. तो कोणत्या कोनातून येईल याचा भरवसा नसे.

प्रगती मोजताना सरावाच्या दिवशीचे आकडे धरू नका. दोन दिवस मध्ये जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी, काहीही न सांगता, चोवीस चेंडू टाका आणि वहीत तीन आकडे लिहा: किती कडा लागल्या, किती चेंडू हवेत गेले, आणि किती वेळा बॅट वळलेल्या चेंडूच्या मागे गेली. बीट झालेले मोजायचे नाहीत. आठवड्यातून दोन वेळा दोऱ्यांवरचा सराव आणि एकदा ही तपासणी, असं सहा आठवडे चालवा. तिसरा आकडा सगळ्यात आधी उतरायला लागायला हवा. तो उतरत नसेल तर खालच्या हाताची पकड तपासा, बहुधा ती घट्ट झालेली सापडेल. आणि आकडे दोन आठवडे एकाच जागी थांबले, तर दोऱ्या उचलून अर्धा मीटर पुढे-मागे करा, फेकणारा माणूस बदला, डावखुरा मिळाला तर उत्तम.

नमस्कार.